पाहणं की पकडणं?

रॉबर्ट फ्रँक १९४७ साली स्वित्झर्लंडहून अमेरिकेत आला. १९५५-५६ मध्ये देशभर फिरून त्यानं सुमारे २८ हजार फोटो टिपले; पुस्तकात घेतले फक्त ८३. अर्कान्सात तर परका समजून पोलिसांनी त्याला कोठडीत टाकलं. तरी त्या परक्यानं माणसंच पाहिली.

आपल्याकडे उलटं. ऑक्टोबर २०२५ मध्ये शनिवारवाड्यात नमाज पढणाऱ्या महिलांचा व्हिडिओ पसरला, मग गोमूत्र शिंपडून 'शुद्धीकरण' झालं. इथल्याच बायकांना कॅमेऱ्यानं परकं केलं. नियम मोडला असेल तर पुरातत्त्व खातं आहे, पोलीस आहेत. जागा विटाळली, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय? अशाच बायका बोहरी आळीत भाव करताना कुणी टिपत नाही. फॉरवर्ड करण्याआधी विचारा: यात माणूस दिसतो, की नुसता धर्म?