दरीला टाळं लागत नाही, साहेब

यंदाचाही आदेश आला. पावसाळा लागला की आमच्या घाटाखालच्या भागात दोन गोष्टी न चुकता येतात, एक खेकडे आणि दुसरा मनाई आदेश. धबधबे, कुंडं, कडे, दऱ्या, धरणांच्या भिंती, सगळ्यांची नावं एकाखाली एक आणि शेवटी 'प्रवेश करण्यास मनाई करण्यात येत आहे'. पूर्वी त्यात फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४ असायचं. १ जुलै २०२४ ला नवे कायदे लागू झाले तेव्हापासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ असतं. बाकी मजकूर गेल्या वर्षीचाच, कुठे कुठे तारीखसुद्धा खोडून घातल्यासारखी.

मी वीस वर्षं तालुक्याच्या गावातून बातम्या पाठवतोय. या आदेशाची बातमी आता मी झोपेत लिहू शकतो. त्यानंतर येणारी 'बुडून मृत्यू' ही बातमीही. दोन्हींत जेमतेम पंधरा दिवसांचं अंतर असतं.

म्हणून स्पष्ट बोलतो. हा आदेश पर्यटकाचा जीव वाचवायला काढलेला नसतो. उद्या काही झालं तर 'आम्ही बंदी घातली होती' असं सांगता यावं म्हणून तो काढलेला असतो.

आठवून बघा. ३० जून २०२४, रविवार. लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, सगळ्या महाराष्ट्राने मोबाईलवर बघितलं. त्याच सुमारास ताम्हिणीत प्लस व्हॅलीच्या कुंडात एकाने उडी मारली, तोही व्हिडिओ फिरला. १६ जुलैला माणगाव तालुक्यात कुंभे इथे मुंबईहून आलेली एक तरुणी कड्यावरून तीनशे फूट खाली गेली. पुढच्या वर्षी, १५ जून २०२५ ला, तोही रविवारच, मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या ओझ्याने कोसळला आणि चौघे गेले. तो पूल धोकादायक आहे असा फलक तिथे होता. फलक होता आणि पुलावर गर्दीही होती.

प्रत्येक वेळी कमेंटमध्ये तेच. 'रीलच्या नादात गेले', 'एक मूर्ख कमी झाला'. भुशीच्या पाण्यात उभं असलेलं ते कुटुंब काही रील करायला आलेलं नव्हतं हो. सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन पाणी बघायला आलेली साधी माणसं होती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की हे पाणी कसं वागतं.

कसं वागतं ते सांगतो, कारण आदेशात ते कुठेच लिहिलेलं नसतं. सह्याद्रीचा हा कडा म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर, काळा बसाल्ट. त्यात पाणी मुरत नाही. वर माथ्यावर माती थोडी, उतार सरळ खाली. माथ्यावर ढग फुटला की ते पाणी काही मिनिटांत खालच्या घळईत पोचतं. कुंडाशी उभ्या माणसाला मात्र रिमझिम चाललीय असंच वाटतं, ऊनसुद्धा असू शकतं. २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. पुणे शहरात अख्ख्या वर्षात साधारण सातशेच्या आसपास पडतो. दीड-दोन तासांच्या गाडीच्या अंतरावर हा एवढा फरक आहे, आणि शहरातला माणूस घरून निघताना आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या पावसाच्या हिशोबाने निघतो.

आमच्याकडच्या गुराख्याला हे हवामान खात्याशिवाय कळतं. पाण्याला रंग आला की उठायचं. काटक्या, पाचोळा वाहत आला की उठायचं. वरून येणारा आवाज बदलला की पिशवी तिथेच टाकून उठायचं. तीन वाक्यं आहेत. एवढं सांगणारा माणूस पाण्यापाशी उभा असता तर मी लिहिलेल्या कितीतरी बातम्या लिहाव्या लागल्या नसत्या.

तो माणूस तिथे असू नये याची व्यवस्था बंदी करते. कशी, ते बघा. बंदी लागली की पहिल्यांदा थांबतो तो नियम पाळणारा. नोंदणी केलेले ट्रेकवाले बुकिंग रद्द करतात. गावातला वाटाड्या पोलिसांच्या धास्तीने घरी बसतो. चहा-भजीची टपरी उठते. पण पुण्या-मुंबईहून पहाटे निघालेली चार पोरं मोबाईलवरचा नकाशा बघत मागच्या पायवाटेने येतातच. नाक्यावर एक हवालदार आणि दोन बॅरिकेड. डोंगराला वाटा किती? म्हणजे धोका तिथेच, गर्दीही येणारच, कमी झाला तो फक्त वाट माहीत असलेला माणूस.

आणि मग फोन कुणाला जातो? त्याच घरी बसवलेल्या पोराला.

गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या मुलांना उगाच त्रास नको. दोन वर्षांपूर्वी एका दरीतून मृतदेह वर काढायचा होता. मी बातमीसाठी गेलो होतो. पाऊस कोसळत होता, अंधार पडायला तासभर. दोरावर उतरली ती गावातली सहा पोरं. त्यातला एक त्याच आठवड्यात पर्यटकांना आत नेलं म्हणून चौकीवर बसून आला होता. दोर भाताचे भारे बांधायचा नव्हता एवढंच, पण तोही कुणा ट्रेकिंग ग्रुपने जुना म्हणून देऊन टाकलेला. पायात प्लास्टिकचे बूट. झोळी वर आली, साहेबांनी पंचनामा केला, रुग्णवाहिका गेली. त्या सहाजणांना परत गावात सोडायला गाडी नव्हती. मी दोन फेऱ्या करून मोटारसायकलवरून सोडलं. त्यातल्या एकाची आई मला म्हणाली, "दादा, ह्याला काय झालं असतं तर मला कोणी काय दिलं असतं?" मी काही बोललो नाही. उत्तर तिलाही माहीत होतं.

कुंभ्याच्या बचावाचंही बघा. पोलिसांच्या जोडीला कोलाडचं बचाव पथक होतं, महावितरणचे कर्मचारी होते. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्रची मुलं वर्षानुवर्षं हेच करतात, आपापले कामधंदे सोडून. सगळा डोलारा स्वयंसेवकांच्या खांद्यावर आणि आदेशात त्यांचा उल्लेख एका ओळीचाही नाही.

कुणी म्हणेल, मग काय सगळं मोकळं सोडायचं? तसं मुळीच म्हणत नाही. रेड अलर्ट असेल त्या दिवशी कडक बंद करा, बंदोबस्त वाढवा, गुन्हे दाखल करा. मी स्वतः फोटो छापीन. पण जून ते सप्टेंबर सरसकट कुलूप लावलं की त्या रेड अलर्टच्या दिवसाचं वेगळं महत्त्वच उरत नाही. रोजच मनाई असेल तर आजची मनाई खरी आहे हे कळायचं कसं?

जमू शकतं याचा पुरावा आमच्या दाराशी आहे. भिऱ्याच्या वीजगृहातून सुटलेल्या पाण्यावर कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग चालतं. त्याच नदीच्या वरच्या अंगाला देवकुंड. खाली तोच शहरातला माणूस निमूटपणे जॅकेट घालतो, हेल्मेट घालतो, पैसे भरतो, शिट्टी वाजली की हलतो. वर तोच माणूस अंगातला शर्ट काढून कुंडात उडी मारतो. खाली सांगणारा कुणी आहे, वर नाही. माणूस तोच.

पैसे नाहीत हे कारणही देऊ नका. कितीतरी ठिकाणी वन समित्या उपद्रव शुल्क घेतात, ग्रामपंचायती पार्किंगची पावती फाडतात. राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ पासून आहे. केंद्राची आपदा मित्र योजना आहे, प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विमा, तिन्ही त्यात आहे. वर ज्या सहा पोरांबद्दल लिहिलं, त्यातल्या एकाकडेही त्या योजनेचं ओळखपत्र नव्हतं. परवा विचारलं, अजूनही नाही.

आमची गावंही काही धुतल्या तांदळासारखी नाहीत, हेही लिहितो, नाहीतर उद्या मलाच विचारतील. पावतीचे पैसे घ्यायचे आणि माणूस कुठे गेला ते बघायचं नाही, असं चालतं. एका वाटाड्याच्या मागे चाळीस-चाळीस जण सोडतात. पाण्याच्या अगदी कडेला टपरी टाकायची, म्हणजे गिऱ्हाईक तिथेच बसणार. हे थांबवायला गावानेच उभं राहायला हवं, त्यासाठी मुंबईहून कुणी येणार नाही.

आमच्या पंचक्रोशीतल्या तीन सरपंचांशी बोललोय. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा आहे. वाटेच्या तोंडाशी नोंदणीची वही, दिवसाला ठराविक माणसं, दुपारी दोननंतर आत कुणी नाही, कुंडाच्या वरच्या अंगाला शिट्टी आणि वायरलेस घेऊन एक पोरगा, कारण दरीत रेंज नसते. शुल्काच्या पैशातून आधी दोर आणि विमा, मग कमान. (हो, एका गावाने पहिल्यांदा स्वागत कमानच मागितली होती.) दोघे तयार आहेत. तिसरे म्हणाले, "आधी साहेबांना विचारतो."

ठरावाचा मसुदा माझ्याकडे आहे. घाटाखालच्या कुठल्याही गावाला हवा असेल तर मेसेज करा, पाठवतो.