कॅलिफोर्नियाची आग : दोष झुडपांचा की वस्तीचा?

७ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसच्या परिसरात एकाच दिवशी दोन मोठ्या आगी लागल्या. एक पश्चिमेस, समुद्रालगतच्या पॅलिसेड्स भागात. दुसरी सॅन गॅब्रिएल पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या आल्टाडीनाजवळ. महिनाअखेर त्या पूर्णपणे आटोक्यात आल्या, तोवर सोळा हजारांहून अधिक इमारती भस्मसात झाल्या होत्या. बळींची संख्या पुढे तीसवर गेली. जगातील एका अतिसंपन्न महानगरावर हे संकट कोसळले, तेव्हा त्याचे कारण केवळ साधनसामग्रीच्या उणिवेत शोधून भागणार नाही.

आगीमागोमाग दोषारोपही सुरू झाले. बंबांना पाणी का मिळाले नाही, हा प्रश्न रास्त होता. परंतु जंगलांची निगा राखली असती तर हे घडले नसते, हा जो सूर निघाला, तो मुळातच चुकीचा आहे. अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१८ च्या आगींच्या वेळीही हाच सूर लावला होता. वस्तुतः लॉस एंजेलिसभोवतीचे जे डोंगर पेटले, त्यांवर रूढ अर्थाने जंगल नव्हतेच. तेथे होते ते चॅपरल, म्हणजे सदाहरित झुडपांचे दाट रान.

आगीशी जुळवून घेतलेली वनस्पती

महाराष्ट्रात उन्हाळा संपताच पाऊस येतो. दक्षिण कॅलिफोर्नियात पाऊस पडतो तो हिवाळ्यात, आणि उन्हाळ्याचे सर्व महिने कोरडे जातात. या उफराट्या ऋतुमानात मोठे वृक्ष सहसा तग धरीत नाहीत. चमीस, मँझनिटा, सिअनोथस, खुरटा ओक अशी पुरुषभर किंवा त्याहून थोडी उंच झुडपे मात्र तेथे माजतात. त्यांची पाने लहान, जाड व चिवट असतात. ओल जपण्याची ती निसर्गाची योजना आहे. याच जातीचे हवामान भूमध्य समुद्राचा काठ, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचे केप आणि ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य भाग येथे आढळते, आणि तेथेही अशीच झुडपी राने आहेत.

ही वनस्पती आगीला सरावलेली आहे. चमीसचा वरचा भाग जळून गेला तरी जमिनीलगतच्या गाठाळ बुंध्यातून नवे धुमारे फुटतात. सिअनोथसच्या अनेक जाती आगीत मरतात, पण मातीत वर्षानुवर्षे पडून राहिलेले त्यांचे बी उष्णतेने जागे होते. काही रानफुलांची बीजे तर धूर आणि जळक्या लाकडातील रसायनांचा स्पर्श झाल्याखेरीज रुजतच नाहीत. यावरून 'या रानाला आग हवीच असते' असा सोपा निष्कर्ष काढला जातो. तो अर्धसत्य आहे. येथील निसर्गक्रमात दोन आगींमधले अंतर तीस वर्षांपासून शंभर-दीडशे वर्षांपर्यंत असे. समुद्राजवळच्या या डोंगरांवर विजा क्वचितच पडतात. आज तेथे लागणाऱ्या आगींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक माणसामुळे लागतात. पॅलिसेड्सची आगही १ जानेवारी रोजी लागलेल्या आणि विझली असे समजलेल्या एका लहान आगीच्या धुमसत्या अवशेषांतून उठली, असा तपास यंत्रणांचा निष्कर्ष आहे.

शास्त्रज्ञांतील वाद

या रानाचे व्यवस्थापन कसे करावे, यावर जुना वाद आहे. भूगोलतज्ज्ञ रिचर्ड मिनिच यांनी १९८३ मध्ये उपग्रहचित्रांच्या आधारे सीमेच्या दोन्ही बाजूंची तुलना केली. मेक्सिकोत आगी फारशा विझविल्या जात नसत, आणि तेथे त्या लहान लहान होत्या. अमेरिकेच्या बाजूस मात्र प्रचंड. तेव्हा आग विझविण्याच्या धोरणानेच जळण साचते, असे त्यांचे प्रतिपादन होते. जॉन कीली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये विसाव्या शतकातील आगींच्या नोंदी तपासून याला आव्हान दिले. अग्निशमनाची यंत्रणा वाढूनही जळणारे क्षेत्र घटले नव्हते आणि लोकसंख्येबरोबर आगींची संख्या वाढत गेली होती. शिवाय, शरद ऋतूपासून आतल्या वाळवंटी पठारावरून समुद्राकडे झेपावणारे 'सांता आना' हे शुष्क वारे सुटले की रान जुने आहे की कोवळे, याला फारसा अर्थ उरत नाही. आधुनिक अग्निशमन नव्हते, त्या १८८९ सालीही सँटियागो कॅन्यनच्या आगीने अवाढव्य प्रदेश जाळला होता.

म्हणजे एकाच राज्यात दोन वेगळी दुखणी आहेत. सिएरा नेवाडाच्या पाइन वनांत शतकभर आग दाबल्याने जळण साचले. तेथे विरळणी व नियंत्रित आग हे योग्य उपाय ठरतात. दक्षिणेच्या झुडपी रानाला मात्र आगीचा तुटवडा नाही, अतिरेक आहे. नवे बी मातीत साठण्याआधीच दुसरी आग आली की सिअनोथससारखी झुडपे नाहीशी होतात आणि त्यांच्या जागी परदेशातून आलेली गवते पसरतात. ही गवते उन्हाळ्याच्या आरंभीच वाळतात आणि ठिणगीसरशी पेटतात. आगीतून गवत आणि गवतातून आग, असे हे दुष्टचक्र आहे. रान तोडून वा वारंवार जाळून ते थांबणार नाही, उलट वेगाने फिरेल.

झाडोरा गेल्यावर उतारही सैल होतात. डिसेंबर २०१७ च्या टॉमस आगीने पावणेतीन लाखांहून अधिक एकर जाळले. आणि ९ जानेवारी २०१८ च्या पावसात उघड्या पडलेल्या डोंगरांवरून चिखल व शिळांचा लोंढा माँटेसिटोवर आला. त्यात २३ जणांचा बळी गेला.

प्रश्न घरांचा

मग उपाय कोणता? आल्टाडीनात जळालेली कित्येक घरे रानापासून दूर, ऐन वस्तीत होती. वाऱ्याने उडविलेले निखारे छपरांवर पडले, जाळ्यांतून आत शिरले, आणि पुढे एका घराने दुसरे पेटविले. अनेक ठिकाणी घर राख झाले आणि शेजारचे झाड हिरवे राहिले. तेव्हा जळण होते ते मुख्यतः घरांचेच. छप्पर अग्निरोधक करणे, झरोक्यांना बारीक जाळी बसविणे, भिंतीलगत काही पेटण्याजोगे न ठेवणे, हे उपाय साधे आहेत. घराभोवतालचे पहिले पाच फूट मोकळे ठेवण्याचा कायदा कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये केला. पण त्याखालील नियम २०२५ ची आग लागेपर्यंत ठरले नव्हते. याउलट, पुनर्बांधणी लवकर व्हावी म्हणून काही पर्यावरणविषयक परवान्यांच्या अटी आगी धुमसत असतानाच, १२ जानेवारी रोजी, स्थगित झाल्या.

बेघर झालेल्यांना घर लवकर मिळावे, ही अपेक्षा न्याय्यच आहे. आल्टाडीनात पिढ्यान्पिढ्या राहिलेली मध्यमवर्गीय कुटुंबेही होती. परंतु डोंगरउतारांवर नव्या वसाहतींना मुभा देत राहायचे आणि त्याची किंमत अग्निशामक जवानांनी व करदात्यांनी मोजायची, हा क्रम कितपत चालू द्यावा, याचा निर्णय राज्यकर्ते टाळीत आले आहेत. विमा कंपन्यांनी तो आपल्यापुरता घेतला असून अशा अनेक भागांतून त्यांनी काढता पाय घेतला आहे. धोक्याचा हिशेब शासनाने मांडला नाही तर तो बाजार मांडतो; आणि बाजाराच्या हिशेबात सर्वांत आधी भरडला जातो तो अल्प मिळकतीचा घरमालक.

सांता आनाचे वारे दर शरदात येणारच. ते कोणत्याही सरकारच्या हाती नाहीत. ठिणग्या कमी करणे, घरे बळकट करणे आणि कोठे बांधू नये हे स्पष्टपणे सांगणे, या तीन गोष्टी मात्र सरकारच्या हाती आहेत. झुडपांवर कुऱ्हाड चालविणे सोपे असते, कारण झुडपांना मत नसते. म्हणूनच तो मार्ग पुन्हा पुन्हा सुचविला जाईल. आणि म्हणूनच त्याकडे संशयाने पाहिले पाहिजे.