विश्रांतीचा जमाखर्च

दरवर्षी जानेवारीतील एका रविवारी भल्या पहाटे मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात हजारो स्त्री-पुरुष धावण्यासाठी जमतात. ही मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. त्याआधी १९८३ मध्येच पुण्याने आपली आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू केली होती, आणि २०१२ मध्ये साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातील अर्धमॅरेथॉनची त्यात भर पडली. या गर्दीत निष्णात धावपटू थोडे. बहुसंख्य मंडळी शाळा-महाविद्यालयांत, बँकांत व कचेऱ्यांत काम करणारी. बैठ्या जीवनाला कंटाळलेला मध्यमवर्ग पहाटे उठून धावू लागला, ही गोष्ट स्वागतार्ह आहे यात शंका नाही. परंतु सोमवारी कचेरीच्या जिन्यावरून कठडा धरून उतरणाऱ्यांपैकी काहींचे दुखणे होळीपर्यंत रेंगाळते, तेव्हा या उत्साहाच्या हिशेबात काही चूक राहिली आहे असे म्हणावे लागते.

कारखान्यातील यंत्र वापराने झिजते. म्हणून जमाखर्चात दरवर्षी घसाऱ्याची तरतूद करावी लागते. मानवी शरीर याहून सुदैवी आहे. श्रमाने झालेली झीज ते स्वतःच भरून काढते आणि पूर्वीपेक्षा अधिक सक्षम होते. मात्र ही भरपाई श्रमाच्या वेळी होत नाही, विश्रांतीच्या व झोपेच्या वेळी होते. शिवाय शरीराचे सर्व भाग एकाच गतीने सुधारत नाहीत. नियमित धावणाऱ्याचा दम काही आठवड्यांतच वाढतो. स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा मात्र रक्तपुरवठा कमी असल्याने सावकाश बळावते. हाडाची पुनर्रचना होताना तर जुना भाग आधी काढला जातो व नवा नंतर भरला जातो. मधले काही आठवडे ते हाड तुलनेने दुबळेच असते. नेमक्या याच काळात वाढलेल्या दमाच्या भरवशावर अंतर दुप्पट करणारा हौशी धावपटू नडगीच्या हाडाला बारीक तडा पाडून घेतो.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड यांचे शिष्य पीटर स्नेल व मरे हॅलबर्ग यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके मिळविली. पुढे याच लिडियर्ड यांनी ऑकलंडमधील मध्यमवयीन नागरिकांना धावण्याची गोडी लावली, ती सावकाश धावायला शिकवून. सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने बहुतांश सराव करावा, हा दंडक आजही ग्राह्य मानला जातो. आपल्याकडील हौशी मंडळी नेमके उलट करतात. रोजचा सराव म्हणजे रोजची शर्यत.

दुखापतीनंतरची समजूतही तपासून पाहण्याजोगी आहे. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे हे सूत्र अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केले. पुढे बर्फामुळे व पूर्ण विश्रांतीमुळे बरे होण्यास विलंब लागू शकतो, हे त्यांनीच मान्य केले. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये टाचेच्या जुनाट दुखण्यावर पायरीच्या कडेला उभे राहून टाच हळूहळू खाली नेण्याचा व्यायाम १२ आठवडे, दररोज दोनदा करवून घेतला आणि रुग्ण पुन्हा धावू लागले. तात्पर्य, कंडरेच्या दुखण्यात अंथरूण धरण्यापेक्षा भार मोजून वाढविणे हितकर. याउलट, वेदनाशामक गोळी घेऊन धावणे हे धोक्याची घंटा बंद करण्यासारखे आहे. शरीरातील पाणी कमी झाले असता अशा गोळ्यांचा ताण मूत्रपिंडांवरही पडतो. एकाच जागी टोचणारे व रात्रीही न थांबणारे दुखणे तर डॉक्टरांनाच दाखविले पाहिजे.

व्यावसायिक धावपटूच्या दिनक्रमात दुपारची झोप हा कामाचाच भाग असतो. विरारहून चर्चगेटपर्यंत उभ्याने येणाऱ्या कारकुनाचे विश्रांतीचे तास मात्र आधीच खर्ची पडलेले असतात. त्याने विजेत्याचे वेळापत्रक उचलणे म्हणजे तुटपुंज्या मिळकतीवर मोठे कर्ज काढणेच होय. या कर्जाची परतफेड त्यालाच करावी लागते. प्रवेशशुल्क, बूट आणि जाहिराती यांतील नफा इतरांच्या पदरी पडतो. बुडालेली रजा आणि भौतिकोपचारतज्ज्ञाची फी मात्र धावणाऱ्याच्या खिशातून जाते. लाभ एकाचा व खर्च दुसऱ्याचा, अशी व्यवस्था अर्थशास्त्राच्या दृष्टीने न्याय्य म्हणता येणार नाही.

म्हणूनच ४२ किलोमीटरची प्रवेशिका स्वीकारण्यापूर्वी आयोजकांनी मागील काही महिन्यांच्या सरावाची चौकशी करावी आणि शर्यतीनंतरच्या पंधरवड्यात दुखापतींसाठी मोफत सल्ल्याची सोय ठेवावी. महाविद्यालयांच्या जिमखान्यांनी धावण्याबरोबरच थांबण्याचेही शिक्षण द्यावे. आणि ज्या संस्था आपले नाव छापलेले सदरे घालून कर्मचाऱ्यांना रविवारी रस्त्यावर उतरवतात, त्यांनी निदान सोमवारची भरपगारी रजा द्यावी. घसाऱ्याची तरतूद यंत्रासाठी न चुकता करणाऱ्या हिशेबनिसाला माणसासाठी ती करणे जड जाऊ नये.