हे असे का, ते लिहून ठेवा



आपल्या मुलांची कॉम्प्युटरची जर्नल्स चाळली, तर प्रोग्रामच्या ओळीशेजारी कॉमेंट सापडते ती बहुधा अशी : ‘येथे बेरजेत एक मिळवला.’ ओळीतही तेच, कॉमेंटमध्येही तेच. तपासणारे बरोबरची खूण करतात आणि गुण मिळतात. माझी तक्रार या सवयीबद्दल आहे. ती नीट कळावी म्हणून कॉम्प्युटर सुरू होतो त्या पहिल्या क्षणाकडे जाऊ या.

बटण दाबले जाते तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कवर निजलेली असते. तिला उठवणारा चिमुकला प्रोग्राम म्हणजे बूट कोड. जुन्या पद्धतीच्या पीसीत बायोस डिस्कवरचे पहिले ५१२ बाइट उचलून मेमरीत ७सी०० या पत्त्यावर ठेवते आणि पुढचा कारभार त्यांच्या हाती देते. नव्या यंत्रांत बायोसची जागा यूईएफआयने घेतली आहे, पण शिकण्यासाठी जुनी पद्धत फार चांगली. हाच पत्ता का, हे कोड कितीही वाचला तरी कळत नाही. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हा किमान ३२ किलोबाइट मेमरी धरली होती. म्हणजे ३२,७६८ बाइट. त्यातले शेवटचे १,०२४ या कोडसाठी आणि त्याच्या कामासाठी राखले. उरले ३१,७४४. हाच आकडा सोळाच्या पाढ्यात लिहिला की ७सी०० होतो.

याहून नवलाची गोष्ट ए२० या तारेची. पहिल्या पीसीच्या प्रोसेसरला पत्त्यांच्या वीस तारा होत्या, म्हणून त्याला एक मेगाबाइटपर्यंतच दिसे. त्यापुढचा पत्ता मागितला की तो गुपचूप फिरून शून्याकडे येई. काही प्रोग्रामांनी याच खोडीचा उपयोग करून घेतला होता. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये चोवीस तारा आल्या आणि हे प्रोग्राम अडण्याची वेळ आली. मग आयबीएमने एकविसाव्या तारेवर फाटक बसवले, आणि ते उघडण्याचे काम दिले कोणाला? कीबोर्डच्या चिपला, कारण तिचा एक पाय रिकामा होता! तेव्हापासून बूट कोड मेमरी खुली व्हावी म्हणून कीबोर्डच्या चिपला निरोप धाडू लागला. लिनक्समध्ये या एका कामासाठी आजही वेगळी फाइल आहे.

आता समजा, त्या ओळींवर कॉमेंट नाही. नवा माणूस म्हणेल, मेमरीच्या कामात कीबोर्ड कशाला? आणि तो त्या ओळी पुसून टाकेल. त्याचे काय चुकले?

मी हे स्वतः भोगले आहे. पॉवरलूमवर कापडाचे मीटर मोजणाऱ्या एका लहानशा बोर्डचा सुरुवातीचा कोड मी लिहिला होता. त्यात एका ठिकाणी यंत्र क्षणभर नुसते थांबवले होते. चार वर्षांनी कोड साफ करताना मला ती ओळ निरुपयोगी वाटली आणि मी ती काढली. दिवाळीनंतर थंडी पडली आणि सकाळी बोर्ड सुरू होईनात. वीज स्थिर होईपर्यंत थांबणे आवश्यक होते, आणि हे पूर्वी मलाच ठाऊक होते! त्या तीन दिवसांत कारखानदार मला काय काय बोलले, ते शाळेच्या अंकात लिहिण्यासारखे नाही.

काही जाणकार म्हणतात, चांगला कोड स्वतःच बोलतो, कॉमेंट हवीच कशाला? निकालपत्रकाच्या प्रोग्रामपुरते मी हे मान्य करीन. तेथे नावे नीट ठेवली की पुष्कळसे काम होते. बूट कोडमध्ये मात्र ओळीचे कारण कोडमध्ये नसतेच. ते तारेत असते, चिपमध्ये असते, चाळीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या तडजोडीत असते. त्यातून बिघाड झाला तर पडद्यावर एक अक्षरही उमटत नाही. जागा ५१२ बाइटांचीच, हे खरे, पण कॉमेंट त्यात मोजली जात नाही. यंत्रासाठी कोड तयार होताना ती गळून पडते.

मोठ्यांनाही हे सुटलेले नाही. १९७५ च्या युनिक्समध्ये, एक काम थांबवून दुसरे सुरू करण्याच्या अवघड जागी, वाचणाऱ्याला हे समजावे अशी अपेक्षा नाही, अशा अर्थाची कॉमेंट होती. हे परीक्षेत येणार नाही, एवढेच सुचवायचे होते, असे डेनिस रिची यांनी पुढे सांगितले. आणि खरी अडचण म्हणजे आम्हालाही ते पुरते उमगले नव्हते, अशी कबुलीही दिली.

आपल्या बऱ्हाणपुरात याचे उदाहरण जमिनीखाली आहे. १६१५ च्या सुमारास खानखानाच्या काळात बांधलेला कुंडी भंडारा सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी नुसत्या उतारावर शहराकडे आणतो. पाणी वाहते ते भुयारातून. कुंड्यांमुळे आत हवा जाते आणि माणसालाही उतरता येते. भुयाराच्या भिंतींवर क्षारांचे थर चढतात, वाट अरुंद होते, तेव्हा खाली काय चालले आहे ते कुंडीतूनच कळते. बांधणाऱ्यांनी ही सोय आपल्यामागून येणाऱ्यांसाठी करून ठेवली.

तेव्हा शिक्षकांना विनंती, की ‘काय केले’ सांगणाऱ्या कॉमेंटला गुण देऊ नयेत, ‘का केले’ सांगणारीला द्यावेत. कोड बदलला आणि कॉमेंट जुनीच राहिली तर गुण कापावेत, कारण खोटी कॉमेंट नसलेल्या कॉमेंटपेक्षा वाईट. विश्वस्त मंडळींकडे मागणे लहानच आहे. कॉम्प्युटर खोलीत एक जाड वही दोरीने टांगून ठेवावी. कोणी मशीनची बूट सेटिंग बदलली, की तारीख, काय बदलले आणि का, हे लिहून सही करावी. पहिली वही मी देतो.