दाखला दाखवा, मग गाडी बघू

आमच्या असोद्यात हल्ली एक वाक्य फार महाग पडतं. "आपलाच माणूस आहे भो, कागद काय बघायचे!" जुनी गाडी घेताना हे कानावर आलं की चहा संपवून उठावं, या मताचा मी आहे. कुणाला राग आला तरी चालेल.

सध्या घरोघरी हवी असते ती टर्बोवाली छोटी एसयूव्ही. दिसायला दांडगी, लांबीला मात्र चार मीटरच्या आत! हे चार मीटरचं गणित २००६ च्या अर्थसंकल्पातलं. लहान गाड्यांना करात सवलत मिळाली आणि पुढे कंपन्यांनी एसयूव्हीही त्या मापात कापून बसवल्या. २०१३ ची इकोस्पोर्ट, २०१६ ची व्हिटारा ब्रेझा, २०१७ ची नेक्सॉन... याच गाड्या आता दुसऱ्या हाती येताहेत. त्यातही नावावर जाऊ नका. ब्रेझाच्या सुरुवातीच्या डिझेल इंजिनाला टर्बो होता, २०२० साली आलेल्या पेट्रोल इंजिनाला नाही. इकोस्पोर्टवाल्या फोर्डने तर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. तेव्हा सुटे भाग कुठे मिळतात ते आधी विचारा.

आता टर्बो म्हणजे काय? इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर एक चाक फिरतं आणि ते इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. हे चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, आणि त्याला सांभाळतो तो ऑइलचा पातळ थर. ऑइल वेळेवर बदललं नाही, तर आमच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात त्याचं काय होत असेल? बाहेरून काही दिसत नाही. रंग चकाचक, सीट कव्हर नवं कोरं! आमच्याकडे भरताचं वांगंसुद्धा उलटंपालटं करून, कीड बघून घेतात. आणि पाच-सहा लाखांची गाडी नुसत्या चकाकीवर?

म्हणून सर्व्हिसची बिलं मागा. त्यावर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात. मीटर मागे फिरवता येतं, ओळीने लावलेली दहा बिलं मागे फिरवणं अवघड. इंजिन गार असतानाच सुरू करायला लावा. निळसर धूर दिसला तर ऑइल जळतंय असं समजा. आणि "नवी बारा लाखाला घेतली होती" या बोलण्याला भुलू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आहे. तुलना आजच्या नव्या किमतीशी करायची, त्यांच्या जुन्या बिलाशी नाही.

यावर लोक म्हणतात, "मास्तर, एवढं विचारलं की समोरच्याला अपमान वाटतो." का वाटावा? मी शाळेत होतो तेव्हा दुसऱ्या गावाहून आलेल्या मुलाकडे आधीच्या शाळेचा दाखला मागायचो. सरपंचाचा मुलगा असो की सालदाराचा. त्यात कुणाचा अपमान झाला नाही. दाखला मागणं म्हणजे संशय घेणं नव्हे, ती रीत आहे.

आणि ही रीत विकणाऱ्याच्याही भल्याची आहे, हे कुणी लक्षातच घेत नाही! स्टॅम्पवर सही झाली, किल्ली दिली, की व्यवहार संपला असं आपल्याकडे समजतात. तो संपत नाही. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म त्यासाठीच आहेत. कर्जाची गाडी असेल तर ३५ नंबरचा फॉर्म आणि बँकेचा ना-हरकत दाखला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच मालक. गाडी नंतर चार हात फिरली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणजे "आपल्या माणसाला" विश्वासावर गाडी दिली, त्याने ती तिसऱ्याला दिली, आणि तिसऱ्याने कुणाला उडवलं तर कोर्टाची नोटीस तुमच्या ओट्यावर! असल्या विश्वासापायी एखाद्याचं शेत विकायची वेळ येईल.

"इतकं बघत बसलं तर गाडी दुसराच घेऊन जाईल" असंही म्हणतात. जाऊ द्या की! गाड्या पुष्कळ आहेत. लेकराच्या पगारातून साठवलेले पैसे तेवढे पुष्कळ नाहीत.

खरा आपला माणूस कागदाची पिशवी आधी पुढे करतो. जो करत नाही, त्याचा चहा घ्यावा, गाडी घेऊ नये.