न समजलेल्या कागदावरची सही

मावळात कामशेतच्या टेकड्यांवरून पॅराग्लायडर उडतात. हँग ग्लायडिंगचीही रीत तीच, एकाच्या जमिनीवरून झेप घ्यायची आणि दुसऱ्याच्या शेतात उतरायचे. या दोन जमिनींच्या मध्ये दोन कागद असतात. एक जमीनमालकाच्या परवानगीचा, दुसरा उडणाऱ्याच्या दायित्वमुक्तीचा, ज्याला सारे 'वेव्हर' म्हणतात. आमच्या पाहण्यात आलेले असे कागद बहुतेक इंग्रजीत होते आणि त्यांखालच्या सह्या मात्र मराठीत होत्या. ही रीत आम्हांस अमान्य आहे.

प्रथम शेतकऱ्याचे पाहू. 'वेव्हर'साठी 'हक्कत्याग' म्हणावे, तर त्याच्या डोळ्यांपुढे हक्कसोडपत्र उभे राहते, बहिणींचे नाव सातबाऱ्यावरून उतरवणारे. त्याची ही भीती अनाठायी असली, तरी खरा धोका त्याला कोणी सांगत नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ नुसार अशी परवानगी म्हणजे निव्वळ अनुज्ञप्ती. जमिनीत हक्क न देणारी आणि सामान्यतः केव्हाही मागे घेता येणारी. परंतु कलम ६० म्हणते की, परवानगीच्या आधारे घेणाऱ्याने खर्च करून कायम स्वरूपाचे बांधकाम केले, तर ती परत घेता येत नाही. झेपेसाठी सिमेंटचा उतार बांधू दिला, की शेतकरी अडकला! उतार कोणाचा आणि तो कधी काढायचा, हे मराठीत लिहिलेले एक वाक्य त्याला वाचवू शकते.

आणि कोणी शेतात पडून जायबंदी झाला तर? वेव्हर हा प्रवासी आणि व्यावसायिक यांच्यातला करार. ज्याचे नाव त्यात नाही, त्या शेतकऱ्याने त्याच्या भरवशावर राहू नये. कॅलिफोर्नियाने नागरी संहितेच्या कलम ८४६ मध्ये हँग ग्लायडिंगचे नाव घेऊन, विनामूल्य जमीन वापरू देणाऱ्या मालकाला संरक्षण दिले आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही. म्हणून व्यावसायिकाची क्षतिपूर्तीची हमी आणि विमा, दोन्ही शेतकऱ्याच्या नावानिशी हवेत.

आता प्रवासी. वारा फिरणे हा खेळाचा धोका, आणि तो समजून पत्करता येतो. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेन येथे मात्र प्रवाशाचा हार्नेस ग्लायडरला जोडायचाच राहिला आणि तो हातांनी लोंबकळत खाली आला. हा वाऱ्याचा दोष नव्हे, ही हयगय! इंग्लंडने १९७७ च्या कायद्याने ठरवले की, व्यवसाय करणाऱ्याला हयगयीमुळे झालेल्या मृत्यूची वा इजेची जबाबदारी कराराने झटकता येणार नाही. आपल्याकडेही संविदा अधिनियमाचे कलम २३ लोकनीतीविरुद्ध करार शून्य मानते, आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्याय्य कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद देतो. 'सही केलीत, आता बोलू नका' ही धमकी म्हणूनच पोकळ आहे. पण कागद न कळलेला माणूस तिला खरी मानून घरी बसतो.

'कायद्याची भाषा इंग्रजीच' असे आम्हांला ऐकवले जाते. जुन्या दस्तलेखकांचे दप्तर उघडून पाहावे. अंगठा उठवण्यापूर्वी ते लिहीत, 'दस्त वाचून दाखविला, समजला व कबूल आहे.' संमती म्हणजे हेच. न समजता केलेली सही ही शाईची रेघ.

बेळगावात आपण सरकारी कागद मराठीत मागतो, त्यासाठी वर्षानुवर्षे झगडतो. मग मराठी मुलुखातला व्यावसायिक मराठी शेतकऱ्यापुढे आणि मराठी प्रवाशापुढे इंग्रजी कागद सरकवतो, तेव्हा आपण गप्प का? सीमेपलीकडे हक्क मागायचा आणि अलीकडे सोडून द्यायचा, हा व्यवहार आम्हांस मंजूर नाही.

म्हणून पुढच्या वेळी कागद हाती आला, की पेन उचलण्याआधी एवढेच म्हणा, 'मराठीत द्या.' आणि मिळाला नाही, तर सही करू नका.