विश्लेषण : आरेतला बिबट्या, कचरा आणि एक खुळचट गेम... हौशी कोडिंगमधून नेमके काय साधते?

गोरेगावहून मरोळकडे जाणारा आरे कॉलनीचा रस्ता रिक्षाने पार करणाऱ्यांना खड्डे, म्हशी आणि रात्रीची बिबट्याची धास्ती सांगावी लागत नाही. एवढ्या सामग्रीवर एक साधा कम्प्युटर गेम सहज होतो. तो विकला जाणार नाही, घरातल्या चौघांपलीकडे कदाचित कोणी खेळणारही नाही. तरीही सुट्टीत असा गेम करून पाहणे वेळेचा अपव्यय नाही. तो का, हे समजून घ्यायला हवे.

खुळचट गेम म्हणजे काय?

ज्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो, तो. नोकियाच्या फोनवर १९९७ मध्ये आलेला ‘स्नेक’ आठवा. खा, वाढ आणि स्वतःलाच धडकू नकोस, एवढाच त्याचा नियम. व्हिएतनामच्या डाँग न्युयेनचा २०१३ मधला ‘फ्लॅपी बर्ड’ म्हणजे पाइपांमधून उडणारा पक्षी. त्याने जगाला वेड लावले आणि लोकांना त्याचे व्यसन लागते आहे म्हणून फेब्रुवारी २०१४ मध्ये न्युयेननेच तो काढून टाकला. ‘वर्डल’ तर जॉश वॉर्डलने आपल्या जोडीदारासाठी केलेला शब्दखेळ होता. २०२२ मध्ये तो ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने विकत घेतला. अशी उदाहरणे अपवादात्मकच. बहुतेक हौशी गेम कोणाच्या लक्षातही येत नाहीत आणि त्यात बिघडत काहीच नाही.

तो बनतो कसा?

गेमचा गाभा म्हणजे सतत फिरणारे एक चक्र. बटण दाबले का ते पाहा, वस्तू थोडी सरकवा, कोणी कोणाला धडकले का तपासा, गुण बदला, चित्र पुन्हा काढा. हे सेकंदाला अनेकदा घडते, म्हणून डोळ्यांना हालचाल दिसते. अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये खुले केलेल्या ‘स्क्रॅच’मध्ये यासाठी काहीच टाइप करावे लागत नाही. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. ते मोफत आहे. लॅपटॉप नसेल तर ऑस्ट्रियातील ग्राझच्या तंत्रविद्यापीठात सुरू झालेले ‘पॉकेट कोड’ अँड्रॉइड फोनवर चालते.

यात आरे कुठून आले?

समजा, गेममध्ये बिबट्या आला की काठी आपटून त्याला पळवायचे. पाच मिनिटांत गेम तयार होतो आणि दहा मिनिटांत कंटाळा येतो. आता त्यात तीन आकडे घालू : कचरा, कुत्री आणि बिबट्या. कचरा दर सेकंदाला वाढतो, पाच ढिगांमागे एक कुत्रे येते, तीन कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीजवळ दिसतो. खेळणाऱ्याने काठी कितीही आपटली तरी बिबट्या परत येतो, कारण ढीग तसेच आहेत. कचरा उचलायला लागल्यावरच त्याच्या फेऱ्या कमी होतात.

हे आकडे गेमपुरते, पण साखळी खरी आहे. कचऱ्याभोवती कुत्री जमतात आणि कुत्री हे बिबट्याचे सोपे भक्ष्य, हे वन विभाग आणि अभ्यासक वर्षानुवर्षे सांगत आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पुढाकाराने २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ उपक्रमाचाही भर अशाच जनजागृतीवर राहिला. २०२२ च्या दिवाळीत आरेत बिबट्याच्या हल्ल्यात एका चिमुकलीचा जीव गेला. त्यामुळे हा विषय नुसत्या थट्टेचा नाही. फलकावरची सूचना वाचून विसरली जाते. तीच साखळी स्वतः जोडणाऱ्या मुलाला मात्र ती सहसा विसरता येत नाही.

पुढचा प्रश्न आणखी अवघड आहे : कचरा शून्य झाला तर बिबट्याही शून्य करायचा का? इथली दूध वसाहत १९४९ ची, बिबट्या आणि वाघोबाला मानणारे वारली पाडे त्याच्याही आधीचे. म्हणजे बिबट्या जंगलात राहणार, फक्त वस्तीपासून लांब. हा निर्णय कम्प्युटर घेत नाही, गेम करणाऱ्यालाच घ्यावा लागतो.

मग करिअरचे काय?

घोळ इथेच होतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावीपासून कोडिंगची ओळख सुचवली. त्याच काळात सहा-सात वर्षांच्या मुलांना कोट्यधीश होण्याची स्वप्ने दाखवणाऱ्या जाहिराती आल्या आणि पालकांनी धास्तीने शुल्क भरले. पेटी शिकणारे प्रत्येक मूल मैफल गाजवेल, अशी अपेक्षा कोणी करत नाही. कोडिंगलाही तेवढीच मोकळीक हवी. शाळांनीही प्रमाणपत्रे वाटण्यापेक्षा मुलांना एकमेकांचे गेम खेळून त्यातल्या चुका शोधू द्याव्यात.

एआय असताना हे कशाला?

आज एआयला सांगितले तर असा गेम मिनिटभरात लिहून मिळतो. जरूर घ्यावा. पण बिबट्या शत्रू की शेजारी, कचरा कोण टाकतो, खेळणारा जिंकला असे कधी म्हणायचे, हे सांगणारा माणूसच लागतो. आणि गेम अडला की का अडला हे कळण्यासाठी आतले चक्र समजलेले असावे लागते.

स्क्रीनसमोरचा वेळ वाढेल, ही पालकांची शंका रास्त आहे. त्यावर साधा तोडगा आहे. नियम आधी कागदावर लिहायचे, पात्रे पेन्सिलने काढायची आणि मगच फोन हातात घ्यायचा. कागदावरच गंमत वाटली नाही, तर स्क्रीनवरही वाटणार नाही. मोबाइलवरचे बहुतेक गेम मुलांना जास्तीत जास्त वेळ गुंतवून ठेवण्यासाठी घडवलेले असतात. ते कसे गुंतवतात, हे ओळखायला स्वतः केलेला एक खुळचट गेमही पुरेसा असतो.